विश्लेषण : लष्करी अकादमीचा दरवाजा आमदार-खासदारांच्या पत्राने का उघडत नाही?

बारावीचा निकाल लागला की लोकप्रतिनिधींच्या संपर्क कार्यालयात हमखास येणारी एक विनंती असते : पोराला मिलिटरीत ऑफिसर करायचंय, साहेबांचं पत्र मिळेल का? अहिल्यानगरात ती आणखी स्वाभाविक वाटते. नागापूरच्या एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या कामगाराला लष्कर काही परके नाही. शहराला लागून चिलखती दलाचे केंद्र आणि शाळा आहे, यांत्रिकी पायदळाचे केंद्र आहे, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी ‘व्हीआरडीई’ आहे, के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव चालतो. रणगाड्यांचे संग्रहालय पाहायला तर शाळांच्या सहलीच येतात. इतके जवळ असलेल्या लष्करात शिरायला एखादा ओळखीचा दरवाजा असेलच, असे पालकांना वाटते. पत्र मिळतेही. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. मात्र खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे ‘एनडीए’त, त्या कागदाची किंमत शून्य असते.

गंमत अशी, की अमेरिकेत नेमके उलटे आहे. तिथल्या लष्करी अकादमीत जायचे तर बहुतेक मुलांना लोकप्रतिनिधीचे पत्र लागतेच. त्यांच्या कायद्याने बंधनकारक केलेली गोष्ट आपल्याकडे गैरवर्तन का ठरते, आणि पत्र नाही म्हणून आपल्याकडची वाट सर्वांना सारखीच खुली आहे का, हे दोन्ही प्रश्न नागापूरच्या पालकांच्या कामाचे आहेत.

अमेरिकेत ही निवड कशी होते?

वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी, अ‍ॅनापोलिसची नौदल अकादमी आणि कोलोरॅडो स्प्रिंग्जची हवाई दल अकादमी या तिन्ही ठिकाणी प्रवेशासाठी दोन स्वतंत्र गोष्टी लागतात. एक, अकादमीकडचा अर्ज : गुण, शारीरिक क्षमता, वैद्यकीय तपासणी. दुसरी, नामांकन. हे नामांकन प्रामुख्याने अमेरिकी संसदेचे सदस्य देतात. विद्यार्थी आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीकडे आणि आपल्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांकडे, असे तीन अर्ज करू शकतो. उपराष्ट्राध्यक्षांकडेही थोड्या जागा असतात. राष्ट्राध्यक्षांच्या नावाने दरवर्षी शंभर जागा आहेत, पण त्या दीर्घकाळ सेवेत असलेल्या सैनिकांच्या मुलांसाठी. सर्वोच्च शौर्यपदक मिळालेल्यांच्या मुलांना तर कोट्याची मर्यादाच नाही.

प्रत्येक सदस्याच्या खात्यावर एका अकादमीत एका वेळी पाच कॅडेट असू शकतात. प्रतिनिधिगृहाचे ४३५ आणि सिनेटचे १०० सदस्य धरले, तर हा आकडा २,६७५ होतो. एका अकादमीची एकूण संख्या साधारण साडेचार हजारांच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून अधिक जागा थेट मतदारसंघ आणि राज्यांच्या हिशेबात जातात. अभ्यासक्रम चार वर्षांचा असल्याने एका सदस्याच्या वाट्याला वर्षाला साधारण एखादी जागा रिकामी होते, आणि त्या जागेसाठी तो अनेक नावे पाठवू शकतो.

इथे एक बारकावा आहे. सदस्य ती नावे नुसती पाठवून ‘तुम्हीच गुणांनुसार निवडा’ असे म्हणू शकतो किंवा एकाला पहिली पसंती देऊ शकतो. पहिल्या पसंतीचा उमेदवार निकषांत बसला, तर जागा त्याची. यादीतला दुसरा त्याच्यापेक्षा हुशार असला तरीही. पुष्कळ सदस्य हा वाईटपणा अंगावर घेत नाहीत. ते निवृत्त अधिकारी, शिक्षक अशा स्थानिक लोकांची समिती नेमतात, मुलाखती घेतात आणि यादी अकादमीकडे सोपवतात. निकषांत न बसणाऱ्याला मात्र कोणत्याही सिनेटरची सही आत नेऊ शकत नाही.

ही पद्धत आली कुठून?

वेस्ट पॉइंट सुरू झाले १८०२ मध्ये. सुरुवातीपासूनच या संस्थेवर एक आक्षेप होता : नव्या लोकशाही देशात ही अकादमी लष्करी सरदारांचा वर्ग तयार करील. त्यावरचा उतारा म्हणून जागा देशभर वाटण्याची प्रथा पडली आणि १८४३ मध्ये ती कायद्यात आली : प्रत्येक मतदारसंघाचा एक कॅडेट. सैन्याचे अधिकारी एका शहरातून, एका वर्गातून येऊ नयेत, हा त्यामागचा विचार आजही टिकून आहे.

प्रथा किती घरगुती होती याचा नमुना म्हणजे युलिसिस ग्रँट. १८३९ मध्ये ओहायोचे प्रतिनिधी थॉमस हेमर यांनी त्याचे नाव पाठवले, पण घाईत चुकीचे लिहिले. मूळ नाव हायरम युलिसिस ग्रँट. हेमर यांनी ‘युलिसिस एस. ग्रँट’ असे कळवले. अकादमीच्या दप्तरात ते तसेच चढले आणि पुढे यादवी युद्धाचा विजयी सेनापती आणि देशाचा राष्ट्राध्यक्ष त्याच चुकीच्या नावाने इतिहासात गेला. शाळेच्या दाखल्यावरची चूक दुरुस्त करायला तहसीलच्या चकरा मारणाऱ्यांना हे वाचून बरे वाटावे.

पण पत्राला किंमत आली की त्याचा बाजारही भरतो. १८७० मध्ये साउथ कॅरोलायनाचे प्रतिनिधी बेंजामिन व्हिटमोर यांच्यावर अकादमीच्या जागा विकल्याचा ठपका आला. हकालपट्टी टाळण्यासाठी त्यांनी राजीनामा दिला. सभागृहाने निषेधाचा ठराव केला. मतदारांनी मात्र पोटनिवडणुकीत त्यांनाच पुन्हा निवडून दिले! सभागृहाने त्यांना जागेवर बसू दिले नाही. त्याच वर्षी आणखी दोन सदस्यांवर अशाच प्रकरणात ठपका ठेवला गेला.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅन्ससचे सिनेटर जोसेफ ब्रिस्टो यांनी १९१० मध्ये आपल्या जागेसाठी स्पर्धा परीक्षा ठेवली. तीतून ज्या सामान्य घरातल्या मुलाची निवड झाली, त्याचे नाव ड्वाइट आयझेनहॉवर. आणि १८७७ मध्ये वेस्ट पॉइंटमधून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय अधिकारी हेन्री फ्लिपर हा गुलामगिरीत जन्मलेला होता. जॉर्जियाच्या प्रतिनिधीने त्याचे नाव पाठवले नसते, तर तो त्या दारापर्यंत पोहोचणे अवघड होते. लोकप्रतिनिधीच्या हातातली सही काय काय करू शकते, याची ही दोन टोके.

भारतात शिफारस कधी होती?

होती, इंग्रजांच्या काळात. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ पासून, इंग्लंडमधल्या सँडहर्स्ट अकादमीत भारतीयांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या. त्यांची निवड सरकारी शिफारशीतून होत होत व्हाइसरॉयपर्यंत जाई. घराणे, मालमत्ता, राजनिष्ठा याला गुणांइतकेच, अनेकदा अधिक वजन होते. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात हे सँडहर्स्टमधून अधिकारी झालेले मराठी नाव. पण अशी नावे बोटांवर मोजण्याइतकी.

बदल झाला तो १९३२ मध्ये डेहराडूनला भारतीय लष्करी अकादमी उघडल्यावर. पहिल्या तुकडीत चाळीस जण : पंधरा सैन्यातून, दहा संस्थानांच्या फौजांतून आणि पंधरा खुल्या स्पर्धा परीक्षेतून. या शेवटच्या पंधरांत सॅम माणेकशॉ होते, गुणवत्ता यादीत सहावे. स्वातंत्र्यानंतर आपण परीक्षेची वाट रुंद केली आणि शिफारशीची बंद केली. लष्कराला राजकारणापासून हातभर लांब ठेवण्याच्या धोरणाशी ते सुसंगत होते. शेजारच्या देशांत काय झाले ते पाहता, हा निर्णय शहाणपणाचा ठरला.

आज ‘एनडीए’त प्रवेश कसा मिळतो?

केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा परीक्षा घेतो. नौदल अकादमी धरून प्रत्येक वेळी साधारण चारशे जागा. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. लष्करासाठी बारावीची कोणतीही शाखा, नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित. लेखी परीक्षा ९०० गुणांची (गणित ३००, सामान्य क्षमता ६००) आणि त्यानंतर सेवा निवड मंडळाची, म्हणजे ‘एसएसबी’ची मुलाखत, तीही ९०० गुणांची. शेवटी वैद्यकीय तपासणी.

‘एसएसबी’ला आपण मुलाखत म्हणतो, पण ती सुमारे पाच दिवसांची परीक्षा असते. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि बरीच मुले त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीत बसतात. उरलेल्यांना तिघे जण वेगवेगळे तपासतात : मानसशास्त्रज्ञ लेखनातून, गट चाचणी अधिकारी मैदानावरच्या कामातून आणि मुलाखत घेणारा अधिकारी बोलण्यातून. मनसा, वाचा, कर्मणा हेच तिथले सूत्र. तिन्ही चित्रे जुळतात का, हे शेवटच्या बैठकीत ठरते. उमेदवाराच्या छातीवर क्रमांक असतो आणि पाच दिवस तो त्याच क्रमांकाने ओळखला जातो. कोणाचा मुलगा, कोणत्या साहेबांचा माणूस, हे विचारायला तिथे जागाच ठेवलेली नाही. आयोगाच्या अधिसूचनेत तर दबाव आणून किंवा लाच देऊन उमेदवारीला पाठिंबा मिळवणे हे गैरवर्तन म्हणून नोंदवले आहे. त्याबद्दल उमेदवारी रद्द होऊ शकते आणि पुढील परीक्षांनाही बंदी येऊ शकते.

यंत्रणा डागरहित आहे, असे नाही. मार्च २०२१ मध्ये ‘सीबीआय’ने ‘एसएसबी’मार्फत होणाऱ्या अधिकारी भरतीतल्या लाचखोरीच्या आरोपावरून लष्करी अधिकाऱ्यांसह अनेकांवर गुन्हा नोंदवला होता. पण त्या प्रकरणाचा धडा पालकांसाठी स्पष्ट आहे : ‘आतून काम करून देतो’ म्हणणारा जो कोणी असेल, तो एकतर पैसे घेऊन पसार होईल किंवा मुलालाही आरोपी करून सोडेल.

मग लोकप्रतिनिधींचा हात कुठेच नाही?

इथे चित्र जरा गुंतागुंतीचे होते. शालेय पातळीवर खासदारांच्या हातात अगदी परवापर्यंत एक अधिकृत कोटा होता. केंद्रीय विद्यालयांत प्रत्येक खासदार दरवर्षी दहा मुलांची शिफारस करू शकत असे. लष्करी आस्थापनांमुळे केंद्रीय विद्यालये असलेल्या नगरमध्ये या दहा जागांसाठी काय रांग लागत असेल, हे सांगायला नको. शेवटी काही खासदारांनीच संसदेत गाऱ्हाणे मांडले : दहाला हो म्हणायचे आणि शेकडोंना नाही, त्यापेक्षा कोटा वाढवा नाहीतर काढून टाका. एप्रिल २०२२ मध्ये तो काढून टाकला गेला. अमेरिकेच्या पद्धतीशी सर्वांत जवळची आपली पद्धत अशी, ती वापरणाऱ्यांनाच नकोशी होऊन संपली.

सैनिक स्कूलच्या प्रवेशातही आमदार-खासदारांचा कोटा नाही. १९६१ मध्ये सुरू झालेले साताऱ्याचे देशातले पहिले सैनिक स्कूल असो की २०१९ चे चंद्रपूरचे, प्रवेश अखिल भारतीय परीक्षेतून होतो आणि ६७ टक्के जागा राज्यातल्या मुलांसाठी असतात. (राज्य सरकारच्या १९९५ च्या धोरणातून जिल्ह्याजिल्ह्यांत निघालेल्या खासगी ‘सैनिकी शाळा’ वेगळ्या. नावातल्या एका वेलांटीने पालकांची फार फसगत होते.)

पण २०२२ पासून तिसरा प्रकार आला आहे. केंद्राने खासगी संस्था, स्वयंसेवी संस्था आणि राज्यांच्या भागीदारीत शंभर नवी सैनिक स्कूल उघडायचे ठरवले. मार्च २०२२ मध्ये मंजूर झालेल्या पहिल्या २१ शाळांत नगर जिल्ह्यातली पद्मश्री डॉ. विठ्ठलराव विखे पाटील शाळा होती. सहकारी साखर कारखानदारी उभी करणाऱ्या आणि जिल्ह्याच्या राजकारणात चार पिढ्या ठळक असलेल्या घराण्याचे नाव या शाळेला आहे. यात नियमबाह्य काही नाही. महाराष्ट्रात कारखाना, कॉलेज आणि राजकारण एकाच आवारात वाढले, तर सैनिक स्कूलही त्याच आवारात येणार. तरीही या नव्या शाळांचा प्रवेश नियम नीट वाचण्यासारखा आहे. किमान ४० टक्के जागा अखिल भारतीय परीक्षेच्या गुणवत्ता यादीतून भरल्या जातात; पण ६० टक्क्यांपर्यंत जागा त्याच शाळेत आधीपासून शिकणाऱ्या आणि पात्रता परीक्षा पार करणाऱ्या मुलांना मिळू शकतात. आधीपासून शिकणारे म्हणजे त्या शाळेची नेहमीची फी भरू शकणारे, हे ओघानेच आले. केंद्र गुणवत्ता आणि उत्पन्न पाहून निम्म्या विद्यार्थ्यांच्या निम्म्या फीला, वर्षाला कमाल ४० हजार रुपयांपर्यंत, हातभार लावते.

म्हणजे अमेरिकेत राजकारण्याचा प्रभाव शेवटच्या पायरीवर आहे, उघड आणि कायद्याने मोजून दिलेला. आपल्याकडे शेवटची पायरी स्वच्छ ठेवली आहे. प्रभाव आहे तो पहिल्या पायरीवर, शाळा कोणाच्या आवारात उघडते या प्रश्नात. पहिल्याची चर्चा होते, दुसऱ्याची फारशी होत नाही.

जिल्ह्याचा वाटा हवा का?

जवानांच्या भरतीत आपण प्रादेशिक वाटा मानतो : कोणत्या राज्यातून किती, हे तिथल्या भरतीयोग्य पुरुष लोकसंख्येच्या प्रमाणात ठरते. अधिकाऱ्यांच्या बाबतीत मात्र फक्त देशपातळीवरची गुणवत्ता यादी. तिच्यात राज्य नाही, जिल्हा नाही, जातीनिहाय आरक्षणही नाही. मराठी मुले जवान म्हणून भरपूर, अधिकारी म्हणून कमी, ही खंत जुनी आहे. त्यावर महाराष्ट्र सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट सुरू केली : दहावीनंतर निवडलेल्या मुलांना दोन वर्षे अकरावी-बारावीबरोबर ‘एनडीए’ची तयारी. वाटा मागण्यापेक्षा तयारी करून घ्यायची, हा मार्ग मला अमेरिकेच्या नामांकनापेक्षा बरा वाटतो. आमदाराच्या हातात वर्षाला एक लष्करी जागा दिली, तर महाराष्ट्रात ती कोणाच्या घरी जाईल, याचा अंदाज करायला समिती नेमावी लागणार नाही. पण मुलांसाठी सरकारी संस्था १९७७ मध्ये आणि मुलींसाठीची नाशिकला २०२३ मध्ये, हा वेग पाहता ‘तयारी’ हा शब्दही जपूनच वापरायला हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने ‘एनडीए’ मुलींना खुली झाली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी बाहेरही पडली.

नागापूरच्या घरात हे कधी कळायला हवे?

बारावीनंतर नव्हे. खरी गाळणी त्याच्या कितीतरी आधी लागते, आणि तिचे एक मोठे कारण भाषा आहे. सैनिक स्कूलची सहावीची प्रवेश परीक्षा मराठीत देता येते. म्हणजे जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत पाचवीला असलेल्या मुलाला ती स्वतःच्या भाषेत देण्याची संधी असते. वय ३१ मार्चला दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान हवे. हीच परीक्षा नववीसाठी दिली, तर ती फक्त इंग्रजीत. पुढे ‘एनडीए’ची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत. मराठी माध्यमाच्या मुलासाठी या साऱ्या प्रवासात मराठीत उघडणारा ठळक दरवाजा हा एकच, तोही पाचवीच्या वर्षात. नेमक्या त्याच वर्षी बहुतेक घरांत आतापर्यंत शिष्यवृत्ती परीक्षेपलीकडे कशाची चर्चा नसे.

दुसरी संधी सातवीची. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजात, म्हणजे ‘आरआयएमसी’त, आठवीसाठी वर्षातून दोनदा प्रवेश होतो, वय साडेअकरा ते तेरा. इथे राज्याचा वाटा असतो आणि अर्ज राज्याच्या यंत्रणेकडे करावा लागतो. महाराष्ट्रात ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. इंग्रजीला १२५, गणिताला २००, सामान्य ज्ञानाला ७५ आणि तोंडी परीक्षेला ५० गुण. मुलींनाही आता तिथे प्रवेश आहे.

लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांना या विषयात काही करायचेच असेल, तर बारावीच्या मुलाला पत्र देण्यापेक्षा पाचवीच्या आणि सातवीच्या वर्गांत या परीक्षांच्या तारखा वेळेत पोहोचतात की नाही, एवढे विचारता येईल. त्यासाठी लेटरहेड लागत नाही. आणि पालकांनी साहेबांच्या कार्यालयात जायचेच ठरवले, तर पत्राऐवजी नागापूर-बोल्हेगाव परिसरातल्या किती शाळांनी गेल्या वर्षी सैनिक स्कूलचे अर्ज भरून घेतले, हा आकडा मागावा.